प्रेमला न्हाई म्हणता येतं

केशरबाई पहिल्यांदा कार्यशाळेत आली तेव्हा तिनं बाकीच्या आयांसारखं काही मागितलं नाही. बाकीच्या आया म्हणायच्या, सही शिकवा, नोटा ओळखायला शिकवा, कायतरी काम हाताला लावा, म्हणजे आमच्या मागं त्याचं भागेल. केशरबाईनं शेजारी उभ्या असलेल्या पोराचा उजवा हात धरला, मूठ उघडली आणि तळवा तिथं शिकवणाऱ्या भावनासमोर केला. तळव्यावर आडवा, गुळगुळीत, पांढरट डाग होता.

"इहिरीवरल्या मोटारीची वायर धर म्हणले गावातली पोरं. यानं धरली," ती म्हणाली. "त्यांची गंमत झाली. मॅडम, याला लिहायला न्हाई आलं तरी चालतंय. याला फक्त न्हाई म्हणायला शिकवा."

पोरगा हसत उभा होता. विशीतला, उंच, डोक्याला चपचपीत तेल, शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावलेलं. भावनानं विचारलं, "तुझं नाव प्रेम ना?"

"हो."

"आणि या कोण? तुझी बहीण का?"

"हो," तो म्हणाला आणि आणखी हसला. केशरबाईनं मान दुसरीकडं वळवली.

ही कार्यशाळा राजूरच्या बाहेर, भोकरदनला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला होती. मतिमंद मुलांची शाळा अठरा वर्षं भरली की संपते. पुढं ही मुलं जातात कुठं, हा प्रश्न कुणी फारसा विचारत नाही. बहुतेक जण घरी ओट्यावर जातात. त्यातल्या थोड्यांसाठी अण्णासाहेबांनी ही संस्था काढली होती. हातकाम शिकवायचं, रोजच्या जगण्यातलं शिकवायचं, जमलं तर कुठं कामाला लावायचं, असं फाटकावरच्या पाटीवर लिहिलेलं होतं. राजूरच्या गणपतीला चतुर्थीला एवढी गर्दी होते, भंडारे होतात, म्हणून द्रोण-पत्रावळीची मशीन आणलेली होती. तिच्या उद्घाटनाला मंडप घातला होता. पण मशीनला लागते तसली वीज कधी घेतलीच नाही. मशीन खोलीत, खोलीला कुलूप. मुलं बाहेर व्हरांड्यात बसून वाती वळायची आणि वर्तमानपत्राच्या पुड्या चिकटवायची.

भावना जाफराबादहून यायची. विशेष शिक्षणाची पदविका तिनं मनापासून केली होती, आणि मनापासून केलेल्या गोष्टीचं माणसाला जे होतं ते तिलाही झालं होतं: वाती वळून घेण्यात तिचं मन लागत नव्हतं. केशरबाईचं मागणं तिला आवडलं. एवढं नेमकं मागणं आजवर कुणी घेऊन आलं नव्हतं.

पण शिकवायला बसल्यावर कळलं, की हे सहीपेक्षा अवघड आहे. प्रेमला बरंच काही यायचं. अंघोळ, कपडे, भांडी, सगळं टापटीप. रस्त्यावर प्रवासी नेणाऱ्या भिवाच्या जीपमधून तो एकटा यायचा आणि एकटा जायचा. पण कुणी काहीही विचारलं तरी त्याच्या तोंडून एकच शब्द यायचा. थंडी वाजते का? हो. गरम होतंय का? हो. उन्हात उभा राहतोस? हो, आणि जाऊन उभाही राहायचा. हो म्हटलं की समोरचं माणूस खूश होतं, एवढं त्याला जन्मात पक्कं कळलं होतं. नाही म्हटल्यावर काय होतं, याचा अनुभव घ्यायची त्याला कधी वेळच आली नव्हती.

भावनानं चित्रं दाखवली, खेळ घेतले, नकाराला मान कशी हलवायची ते आरशासमोर शिकवलं. प्रेम आरशात बघून छान मान हलवायचा आणि तोंडानं हो म्हणायचा.

शेवटी तिनं एक वाईट उपाय केला. दुपारच्या सुट्टीत प्रेमनं डबा उघडला की ती समोर जाऊन बसायची. "प्रेम, ही भाकरी मी खाऊ?"

"हो."

मग ती खरोखर खायची. त्याच्या देखत, चतकोरसुद्धा न ठेवता. केशरबाई मजुरीला जायच्या आधी पहाटे उठून ती भाकर थापते, वर लसणाचं तिखट ठेवते, हे तिला माहीत होतं. प्रेम रिकाम्या डब्याकडं बघत राहायचा आणि हसायचा. नंतर ती त्याला आपल्या डब्यातलं द्यायची, पण मुद्दाम उशिरानं, त्याला भूक कळावी म्हणून. सोबत काम करणाऱ्या उषाबाई स्वयंपाकघरातून बघायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "भावना, देव बघून राह्यला बरं का."

"बघू द्या," भावना म्हणाली. "त्यालाबी कळू द्या, याला काय काय सहन करावं लागतंय."

असं बरेच दिवस चाललं. मग एका दुपारी, बाहेर मक्याच्या ट्रॉल्या जात होत्या आणि सगळीकडं भुसकट उडत होतं, तेव्हा तिनं नेहमीसारखा हात पुढं केला आणि प्रेमनं डब्यावर आपले दोन्ही पंजे ठेवले. तो हसत नव्हता. कपाळावर घाम आला होता.

"न्हाई," तो म्हणाला.

भावनानं हात मागं घेतला. "नाही? मी खाऊ नको?"

"न्हाई. माझी हाय."

ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि उषाबाईंच्या पदराला डोळे पुसले. त्या दिवशी प्रेमनं सगळी भाकरी एकट्यानं खाल्ली, आणि प्रत्येक घासाला तिच्याकडं बघून घेतलं, की मॅडम रागावल्या तर नाहीत ना. ती रागावली नव्हती, हे बघून तो थक्क झाला असावा.

त्यानंतर नकार त्याच्या तोंडात रुळत गेला. आधी जेवणापुरता, मग चपलेपुरता, मग माणसांपुरता. मोनिका नावाची एक मुलगी त्याच्या वाती आपल्या टोपलीत टाकायची, तिला तो न्हाई म्हणाला. भिवानं गंमत म्हणून विचारलं, "जीप तू चालवतो का रे?" तर म्हणाला, "न्हाई. मला येत न्हाई." भिवानं हे सगळ्या प्रवाशांना सांगितलं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट केशरबाईनं स्वतः येऊन सांगितली: गावातल्या पोरांनी त्याला विहिरीच्या काठावर चाल म्हटलं, तर हा न्हाई म्हणून सरळ घरी आला.

"मॅडम, तुम्ही माझं पोरगं मला परत दिलं," ती म्हणाली. भावनाला त्या रात्री झोप लागली नाही, इतकं बरं वाटलं.

थंडी सरत आली तेव्हा अण्णासाहेबांनी सांगितलं, की मोठ्या कंपनीचे पाहुणे येणार आहेत. कंपनी समाजकार्याला मदत देते; संस्था पसंत पडली तर नवी इमारत आणि आणखी दोन मशिनी मिळतील. तयारी जोरात सुरू झाली. भिंतींना रंग दिला. मुलांना नवे पिवळे शर्ट आले. आदल्या दिवशी अण्णासाहेबांच्या पांढऱ्या गाडीतून खोकी उतरली. त्यांत द्रोण होते, पत्रावळी होत्या, रंगीत मेणबत्त्या आणि मण्यांची तोरणं होती, बाजारातून आणलेली. प्रेमनंच ती खोकी उचलून आत नेली. टेबलांवर चादरी अंथरून सगळं मांडलं आणि वर पाटी लावली: आमच्या विद्यार्थ्यांनी बनवलेल्या वस्तू.

भावना म्हणाली, "अण्णासाहेब, आपल्या वाती आहेत, पुड्या आहेत. तेच दाखवू ना."

"वाती बघायला कोण येतंय मॅडम?" ते हसून म्हणाले. ते कधी ओरडत नसत. "या लेकरांसाठीच करून राह्यलो ना? इमारत झाली तर कोण बसणार तिच्यात, मी?"

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं. ओमप्रकाश ज्या बियाण्याच्या दुकानात होता ते बंद पडून बरेच दिवस झाले होते. त्यानं पोरीच्या वह्यांना कव्हर घालता घालता सगळं ऐकलं आणि म्हणाला, "तू शिकवतीस ते खरं हाय ना? मंग झालं. टेबलावर काय मांडलं त्याच्याशी तुला काय करायचं?" दर वर्षी तिची नेमणूक अण्णासाहेबांच्या एका शब्दावर पुढं सरकायची. दोघांनाही ते माहीत होतं, म्हणून दोघंही त्यावर बोलले नाहीत.

पाहुणे सकाळी येणार होते, ते दुपार कलल्यावर आले. तोवर मुलांना जेवायला दिलं नव्हतं. नव्या शर्टांवर डाग पडतील म्हणून अण्णासाहेबांनी डबे कपाटात ठेवायला लावले होते. मोनिका रडून झोपून गेली होती. प्रेम टेबलामागं ताठ उभा होता, गळ्याचं बटण लावून.

पाहुण्यांमध्ये एक बाई होत्या. पन्नाशीच्या, साध्या, आवाज मायाळू. बाकीचे फोटो काढून घेत होते, त्या मात्र एकेका मुलाजवळ थांबत होत्या. प्रेमसमोर आल्या, एक द्रोण उचलला आणि विचारलं, "किती सुंदर झालाय. तू बनवलास?"

"न्हाई," प्रेम म्हणाला.

बाईंना वाटलं, लाजतोय. "मग कुणी बनवला?"

"गाडीतून आला." त्यानं खिडकीतून बाहेरची पांढरी गाडी दाखवली. "मी खोकं उचललं."

"आणि ती मशीन? तिच्यावर काम करतोस ना?"

"न्हाई. कुलूप राहतंय."

फोटोवाला थांबला. भावनाला पहिल्यांदा जे वाटलं ती भीती नव्हती. तो तिचा धडा होता. अनोळखी माणूस, मोठं माणूस, गोड बोलणारं माणूस, आणि तरीही जे खरं तेच. पुस्तकात सांगितलेल्या सगळ्या पायऱ्या हा पोरगा त्या क्षणी चढून गेला होता.

अण्णासाहेब हसत पुढं आले. "मॅडम, यांचं मनावर घेऊ नका. देवाघरची फुलं ही. हो काय नि नाही काय, यांना सारखंच. आता बघा." त्यांनी प्रेमच्या खांद्यावर हात ठेवला. "प्रेम बाळा, जेवलास का?"

"न्हाई."

"बघा! दुपार टळली, नि म्हणतो जेवलो नाही." पाहुणे हसले. "बरं, मोटारीतून फिरायला जायचं का तुला? ती बाहेरची मोटार?"

प्रेमनं आपला तळवा शर्टाला पुसला. "न्हाई. मोटार न्हाई धरायची."

आता सगळेच हसले. मोकळे झाल्यासारखे हसले. पण त्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी वळून भावनाकडं पाहिलं. "तुम्ही शिकवता ना याला? खरं सांगा, काय विचारलंय ते कळतं का त्याला?"

भावनाला कपाटातले डबे दिसत होते. प्रेमचा तळवा दिसत होता. अण्णासाहेब तिच्याकडं बघतही नव्हते. ते टेबलावरची चादर सारखी करत होते.

"गोंधळतो तो," ती म्हणाली. आवाज आपला नसल्यासारखा निघाला. "हो आणि नाही यातला फरक... अजून नीट कळत नाही त्याला."

बाईंनी मान डोलावली. त्यांनाही ते ऐकून जरा बरंच वाटलं असावं. प्रेम भावनाकडं बघत होता.

"कळतंय," तो म्हणाला. "मॅडम, मला कळतंय."

पण तेवढ्यात कुणीतरी नारळ आणा म्हणालं, आणि सगळे मशीनच्या खोलीकडं निघाले.

मदत मंजूर झाली. अण्णासाहेबांनी पेढे वाटले आणि पेढे वाटता वाटताच भावनाला म्हणाले, "त्या पोराला आता पाठवू नका म्हणावं. हट्टी झालंय. बाकीच्यांना बिघडवील." तिनं केशरबाईला फोन लावला. जागा कमी पडून राह्यली, काही दिवस प्रेमला घरीच ठेवा, असं सांगितलं. पलीकडून केशरबाई म्हणाली, "बरं मॅडम." भावनाला वाटलं, चला, सुटले.

पण ती सुटली नाही. दुपारच्या सुट्टीत डबे उघडण्याचा आवाज आला की ती उठून बाहेर रस्त्यावर जायची. शेवटी एका रविवारी ती भिवाच्या जीपमध्ये बसली आणि प्रेमच्या गावाला गेली. मनात ठरवलं होतं, की रविवारी रविवारी येऊन घरीच शिकवीन. काहीतरी भरपाई होईल.

बुद्धविहाराच्या मागं शेवटचं घर. प्रेम दारातच होता. तिला बघून धावत आला, आत जाऊन बाज आणून टाकली, तांब्या भरून आणला. डावा डोळा सुजून काळानिळा झाला होता. राग म्हणून काही नव्हतंच त्याच्याजवळ. भावनाला ते रागापेक्षा जड गेलं.

"हे काय झालं?"

केशरबाई दारात बसून तुरी निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "कुणाच्या तरी पोत्यांची गाडी भरायची होती. चल म्हणले, हा न्हाई म्हणला. दोनदा म्हणले, दोन्हीदा न्हाई म्हणला. मंग मारलं." तिनं तुरीतला एक खडा लांब फेकला. "पहिलं कुणी मारत नव्हतं त्याला. गंमत करायचे, पर मारत नव्हते. आता लोक म्हणतेत, शिकवून माजवलं. त्याचे वडील तर म्हणतेत, आधीच बरा होता, निदान लोक बोलवत तर होते."

"केशरबाई, मी दर रविवारी येत जाईन. त्याला सांगू, कुठं नाही म्हणायचं, कुठं..."

"मीच सांगून राह्यले त्याला आता," केशरबाई म्हणाली. "म्हणलं, बाबा, गपगुमान हो म्हणत जा. तुला समोरच्याचा हात उठताना दिसला की हो म्हण."

प्रेम अंगणातल्या शेळीला पाला घालत होता आणि मधूनमधून तिच्याकडं बघून हसत होता.

"एक विचारू मॅडम?" केशरबाईचा आवाज खाली आला. "तो घरी येऊन म्हणत होता. मॅडम म्हणल्या, याला हो-न्हाई कळत न्हाई. मी म्हणलं, आपल्या मॅडम असं म्हणणार न्हाईत. तो म्हणला, म्हणल्या. मी त्याला रागावले. एक चापटबी मारली. तरी म्हणतोय, म्हणल्या." ती थांबली. "तुम्ही म्हणल्या का?"

काहीतरी सांगता आलं असतं. मोठे पाहुणे होते, वेळ तशी होती, नोकरी होती, घरी बसलेला नवरा होता. हे सगळं खरं होतं आणि केशरबाईला ते समजलंही असतं.

"हो," भावना म्हणाली.

केशरबाईनं श्वास सोडला. तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही; आला तो सुटकेचा भाव होता, आणि तो भावनाला पुढं कितीतरी दिवस टोचत राहिला.

"मंग बरं झालं," केशरबाई म्हणाली. "मला वाटलं, पोरगं खोटं बोलायला शिकलं. लई जीव खाल्ला त्या इचारानं." मग तिनं प्रेमला हाक मारली. तो पाला टाकून आला. तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला, जिथं चापट मारली होती तिथं, आणि सूप परत मांडीवर घेतलं. "तुम्ही निघा मॅडम. भिवाची जीप गेली तर दुसरी गाडी मिळायची न्हाई. आणि रविवारचं यायचं काही काढू नका. तुम्हालाबी लेकरू हाय."

भावना निघाली. वळणावर तिनं मागं पाहिलं तर प्रेम अंगणात उभा राहून हात हलवत होता. त्याला तसं करायला तिनंच शिकवलं होतं, पण तेव्हा तिच्या ते लक्षातही आलं नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी नव्या इमारतीचा पाया खणला गेला. भावनाची नेमणूक पुढं सरकली. आणखी दोन मशिनी आल्या; त्या ताडपत्रीखाली झाकून ठेवल्या. मोनिका आणि बाकीची मुलं वाती वळत राहिली.

एकदा सकाळी जीपमध्ये भिवाच म्हणाला, "प्रेमला त्याच्या बापानं जालन्याला नेलं. कळलं का मॅडम? भंगाराच्या यार्डात हाय. सळईच्या कारखान्याला माल जातोय तिथून, तो निवडायचा. लोखंड येगळं, पितळ येगळं."

"जमतं का त्याला?"

"जमतंय म्हणजे? मुकादम लई खूश हाय. म्हणतोय, असला माणूस मिळत न्हाई आजकाल. दिवस न्हाई, रात न्हाई. सांगल ते करतोय."

मागच्या सीटवरच्या बाया आपसात बोलत होत्या. भिवानं समोरच्या ट्रॅक्टरला हॉर्न दिला आणि गाडी काढली. कार्यशाळेचं फाटक आलं तशी भावना उतरली. पोरं व्हरांड्यात बसली होती. अण्णासाहेबांची गाडी दारात होती, आणि उषाबाई आतून सांगत होत्या, की दिवाळीच्या आधी परत पाहुणे येणार आहेत.